पेंढा भरलेला पक्षी आणि खरे छायाचित्र

बुऱ्हाणपूर म्हटले की तापीचा काठ, शाही किल्ला, मुमताजमहलचा १६३१ मधील मृत्यू आणि जमिनीखालून पाणी आणणारा कुंडी भंडारा आठवतो. पक्ष्यांच्या अभ्यासकांना मात्र या जिल्ह्याचे नाव निराळ्या कारणासाठी ठाऊक आहे. सातपुड्याच्या कुशीतील खकनारच्या सागवानी जंगलात वन पिंगळा राहतो. जेमतेम २३ सेंटिमीटर लांबीचे हे घुबड शंभराहून अधिक वर्षे केवळ संग्रहालयांच्या कपाटांत अस्तित्वात होते. तेवढ्या काळात जगाला त्याचा परिचय होता तो कापूस भरलेल्या अवघ्या सात नमुन्यांतून.

मृत पक्ष्याचे जतन केलेले शरीर आणि त्याची प्रतिमा यांवर किती काही अवलंबून असू शकते, हे या पिंगळ्याची कथा सांगते. हाती कॅमेरा किंवा चांगला मोबाइल आला की अनेकजण संग्रहालयातील पक्ष्यांवर सराव सुरू करतात. तो उत्तम सराव आहे. पक्षी उडून जात नाही, प्रकाश बदलत नाही, चुका सुधारायला भरपूर वेळ मिळतो. परंतु काचेआडचा पक्षी टिपणे वाटते तितके सोपे नाही, आणि टिपलेल्या छायाचित्रावर संगणकात संस्कार करणे हे तर त्याहून जबाबदारीचे काम आहे.

सात नमुने आणि एक चोरी

अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव आपल्याला राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे परिचित आहे. ते त्या काळचे भारतातील अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञही होते. आजच्या छत्तीसगडमधील बसना-फुलझर भागात १८७२ मध्ये मिळालेल्या एका नमुन्यावरून त्यांनी १८७३ मध्ये वन पिंगळ्याचे प्रथम वर्णन केले आणि तो मिळवणाऱ्या ब्लेविट यांचे नाव त्याला दिले. पुढे खानदेशात अधिकारी असलेल्या जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा परिसरातून आणखी काही नमुने जमवले. हेच डेव्हिडसन नंतर आपल्या शेजारच्या उत्तर कन्नड जिल्ह्यात गेले आणि तेथील पक्ष्यांवरही त्यांनी लिहिले. १८८४ नंतर वन पिंगळा कोणालाच दिसला नाही.

अपवाद एकच होता. रिचर्ड माइनर्ट्झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेतील मांडवी येथे वन पिंगळा मिळवल्याची नोंद होती आणि तो नमुनाही संग्रहात होता. अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी या नमुन्याची बारकाईने तपासणी केली. क्ष-किरण प्रतिमांनी सत्य उघड केले. तो पक्षी मुळात डेव्हिडसन यांच्या पद्धतीने भरलेला होता. ब्रिटिश म्युझियममधून तो लांबवून, पुन्हा नव्याने भरून, त्याला खोटी चिठ्ठी बांधण्यात आली होती. हे संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

मांडवीची नोंद खोटी ठरल्यामुळे शोधाची दिशा बदलली. रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट हे खऱ्या नमुन्यांवरील चिठ्ठ्यांचा माग काढीत गेले आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ त्यांना जिवंत वन पिंगळा दिसला. ११३ वर्षांनंतरची ती पहिली खात्रीलायक नोंद होती. पुढे तोरणमाळ, मेळघाट आणि खकनार येथेही तो सापडला. खकनार त्या वेळी खंडवा जिल्ह्यात होते. २००३ मध्ये बुऱ्हाणपूर हा स्वतंत्र जिल्हा झाला.

खोट्या चिठ्ठीमुळे शोध चुकीच्या दिशेने जात होता आणि खऱ्या चिठ्ठीमुळे तो मार्गी लागला. छायाचित्राखालची ओळ हीसुद्धा अशीच एक चिठ्ठी असते, हे नवशिक्याने पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावे.

आत पेंढा नसतो

बोलीभाषेत आपण ‘पेंढा भरलेला पक्षी’ म्हणत असलो तरी आत सहसा पेंढा नसतो. पक्ष्याची त्वचा पिसांसह अलगद सोडवून घेतात, तिच्यावर रासायनिक प्रक्रिया करतात आणि तारेचा सांगाडा, कापूस, लाकडाचा भुसा किंवा फोम यांच्या आधारे शरीराचा आकार उभा करतात. डोळे काचेचे असतात. हे उभे पक्षी प्रदर्शनासाठी असतात. अभ्यासासाठीचे नमुने वेगळे असतात. ते पाठीवर झोपवलेले असतात, डोळ्यांच्या जागी कापूस दिसतो आणि पायाला चिठ्ठी बांधलेली असते. वन पिंगळ्याचे जुने नमुने या दुसऱ्या प्रकारचे आहेत.

छायाचित्रकाराला ही माहिती हवीच, कारण अशा पक्ष्याच्या शरीरावर सगळेच खरे नसते. काचेच्या डोळ्याचा रंग कारागिराने निवडलेला असतो. चोच आणि पाय यांचा मूळ रंग मृत्यूनंतर उतरतो, म्हणून ते बहुधा रंगवलेले असतात. पिसांचा रंगही सारखा टिकत नाही. तपकिरी आणि काळा रंग मेलॅनिनमुळे असतो व तो दीर्घकाळ तग धरतो. खंड्याचा निळा रंग पिसाच्या सूक्ष्म रचनेतून निर्माण होतो, म्हणून तोही बऱ्यापैकी राहतो. पिवळे, नारिंगी आणि लाल रंग बहुतांशी कॅरोटिनॉइड द्रव्यांचे असतात आणि प्रकाशात हळूहळू फिके पडतात.

आपल्या गोव्याच्या रानात दिसणाऱ्या महाधनेशाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या शिरस्त्राणावरचा आणि पंखांवरचा पिवळा रंग हा त्याने शेपटीजवळच्या ग्रंथीतील तेल चोचीने चोळून लावलेला असतो. पक्षी मेला की हे रंगकाम थांबते. त्यामुळे कपाटातला धनेश फिकट दिसला तर तो दोष कॅमेऱ्याचा नसतो, आणि संगणकात पिवळा रंग वाढवून तो ‘दुरुस्त’ करणे हे नमुन्याविषयी चुकीची माहिती देणे ठरते.

जुन्या नमुन्यांना हात लावू नये, यामागेही ठोस कारण आहे. किडीपासून रक्षण व्हावे म्हणून पूर्वी त्वचेला आतून आर्सेनिकचा साबण लावीत. त्याचे अंश आजही त्यात असू शकतात. म्हणजे स्पर्श पक्ष्यालाही घातक आणि आपल्यालाही.

कोठे जावे, काय विचारावे

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे आणि समृद्ध ठिकाण म्हणजे मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. तेथील निसर्ग-इतिहास विभाग १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सहकार्याने उभा राहिला. सलीम अली यांनी १९२६ पासून काही काळ याच विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून काम केले. नैसर्गिक अधिवासाचे देखावे उभारून त्यांत मांडलेले पक्षी हे या दालनाचे वैशिष्ट्य आहे. मुंबईच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातील शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक डॉ. संतोष गायकवाड यांना या कलेची ओढ याच संग्रहालयातील प्राणी पाहून लागली. पुढे त्यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झाले.

संग्रहालयात शिरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. छायाचित्रणास परवानगी आहे का? ट्रायपॉड चालेल का? छायाचित्र प्रसिद्ध करायचे झाल्यास वेगळी अनुमती लागेल का? फ्लॅश वापरता येईल का, हे मात्र विचारूच नये. तो वापरायचा नाही. काचेवर त्याचा पांढरा डाग उमटतो आणि पिसांची पोतही सपाट होते.

कोणाच्या घरी जुना पेंढा भरलेला पक्षी असेल तर छायाचित्राचा मोह होण्याआधी कायदा आठवावा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित पक्ष्यांचे असे नमुने बाळगण्यासाठी मालकीचे प्रमाणपत्र लागते. त्यांचा व्यापार करता येत नाही आणि टॅक्सिडर्मीचा व्यवसायही परवान्याविना करता येत नाही.

काचेशी झगडा

नवशिक्याचा पहिला शत्रू म्हणजे प्रतिबिंब. छायाचित्रात पक्ष्यापेक्षा छायाचित्रकाराचा पांढरा सदरा अधिक ठळक येतो. म्हणून गडद रंगाचे कपडे घालावेत. लेन्सला रबरी हुड लावून तो काचेला अलगद टेकवला तर बाहेरचा प्रकाश जवळजवळ पूर्ण अडतो. हुड नसेल तर काळ्या कापडाला मध्यभागी भोक पाडून त्यातून लेन्स बाहेर काढावी. मोबाइलसाठीही हा उपाय उत्तम चालतो.

काचेला टेकता येत नसेल तर पोलरायझिंग फिल्टर उपयोगी पडतो. मात्र समोरासमोर उभे राहून तो फिरवल्यास फारसा लाभ होत नाही. काचेच्या पृष्ठभागाशी सुमारे ३५ अंशांचा कोन करून पाहिले तर प्रतिबिंब सर्वाधिक कमी होते. या फिल्टरमुळे प्रकाशही बराच घटतो, हे हिशेबात धरावे.

दुसरी अडचण अपुऱ्या प्रकाशाची. पिसांसारख्या नाजूक वस्तूंवर साधारण ५० लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू नये, असा संग्रहालयांचा संकेत आहे. एवढ्या अंधूक उजेडात आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ/८ ठेवल्यास सुमारे ३ सेकंदांचे एक्स्पोजर लागते. ट्रायपॉड असेल तर हीच उत्तम निवड, कारण पक्षी हलणार नाही आणि चोचीपासून शेपटीपर्यंत सगळे सुस्पष्ट येईल. बटण दाबताना कॅमेरा हलू नये म्हणून २ सेकंदांचा टायमर लावावा. ट्रायपॉडला मनाई असेल तर आयएसओ १६०० आणि एफ/२.८ ठेवून १/४० सेकंदाच्या आसपास काम भागते. अशा वेळी भिंतीला किंवा खांबाला पाठ टेकवावी, श्वास रोखावा आणि एकामागून एक पाचसहा छायाचित्रे घ्यावीत. त्यांतील एखादे नक्की स्थिर येते.

एलईडी दिव्यांमुळे कधीकधी छायाचित्रात आडवे पट्टे दिसतात. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटरचा वेग १/५० किंवा १/१०० ठेवला की हे पट्टे बहुधा नाहीसे होतात.

कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर असावा. मोबाइलच्या रुंद लेन्सने अगदी जवळून टिपल्यास चोच अवास्तव मोठी आणि शरीर लहान दिसते. त्यापेक्षा दीड-दोन मीटर मागे सरून दुप्पट झूमची लेन्स वापरावी. कॅमेऱ्यावर ८५ ते १०० मिलिमीटरची लेन्स या कामाला योग्य ठरते.

एकाच सुंदर छायाचित्रावर समाधान मानू नये. समोरून, दोन्ही बाजूंनी, शक्य असल्यास मागून आणि वरून अशी पूर्ण मालिका घ्यावी. वन पिंगळा आणि आपल्या अंगणातला साधा पिंगळा यांच्यातील मुख्य फरक डोक्यावर आहे. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात, तर वन पिंगळ्याचे डोके जवळजवळ एकरंगी असते. याशिवाय त्याच्या छातीचा वरचा भाग गडद तपकिरी, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे आणि चोच दणकट असते. डोक्याचे छायाचित्र नसेल तर बाकीची दहा छायाचित्रे फारशी कामाची नाहीत. शेवटचे छायाचित्र नेहमी माहितीफलकाचे किंवा चिठ्ठीचे असावे.

संगणकावर: आधी प्रत, मग कात्री

शक्य असेल तर रॉ स्वरूपात छायाचित्रे घ्यावीत, कारण त्यांत रंग व प्रकाश सुधारण्यास अधिक वाव असतो. डार्कटेबल, रॉथेरपी आणि गिंप ही संगणकावरील साधने विनामूल्य आहेत. मोबाइलवर स्नॅपसीड पुरेसे आहे. सुरुवातीला पुढील क्रम पाळावा.

१. मूळ फाइल कधीही बदलू नये. तिची प्रत करून तीवरच काम करावे.

२. क्षितिज किंवा फांदीची रेषा सरळ करावी, अनावश्यक कडा कापाव्यात.

३. व्हाइट बॅलन्स ठरवावा. यासाठी त्याच उजेडात एका करड्या कार्डाचे छायाचित्र आधीच घेऊन ठेवावे. जाड काचेमुळे छायाचित्रावर हिरवट झाक येते. टिंटचा सरकपट्टा किंचित किरमिजी बाजूला नेल्यास ती जाते.

४. हिस्टोग्राम पाहून एक्स्पोजर नीट करावे. पांढऱ्या पिसांतील तपशील जळालेला नसावा आणि काळ्या पिसांचा एकसंध गोळा झालेला नसावा.

५. रंगांची तीव्रता वाढवण्याचा मोह टाळावा. कार्डावरून व्हाइट बॅलन्स अचूक झाला असेल तर बहुधा आणखी काही करावे लागत नाही.

६. काचेवरची धूळ, ओरखडा, दिव्याचा लहान ठिपका काढण्यास हरकत नाही. तो नमुन्याचा भाग नसतो. पिसांवरचा डाग, शिवण किंवा झडलेले पीस मात्र तसेच राहू द्यावे.

७. सर्वांत शेवटी दाणेदारपणा कमी करावा आणि हलकासा धारदारपणा द्यावा. जालावर टाकण्यासाठी एसआरजीबी रंगपद्धतीत जेपेग प्रत काढावी.

सातवी पायरी निरुपद्रवी वाटते, पण खरा धोका तेथेच आहे. जास्त आयएसओमुळे आलेला दाणेदारपणा पुसताना सॉफ्टवेअर लहान पांढरे ठिपकेही पुसून टाकते. साध्या पिंगळ्याचे ठिपके असे पुसले गेले तर त्याचा वन पिंगळा होतो! उलट, धारदारपणा अति केला तर नसलेले ठिपके उमटतात. वन पिंगळा हरवलेला होता त्या काळात त्याचा म्हणून समजला गेलेला पक्षी प्रत्यक्षात साधा पिंगळाच असल्याचे प्रकार घडले आहेत. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने एका बटणावर प्रतिबिंब काढून टाकतात आणि छायाचित्र चौपट मोठे करतात. पण काढलेल्या प्रतिबिंबाखाली कोणते पीस होते, हे त्या साधनाला ठाऊक नसते. ते अंदाजाने नवे पीस रचते. सजावटीसाठी ते चालेल, ओळखीसाठी नाही.

चित्रापासून छायाचित्रापर्यंत

शब्द अपुरे पडतात तेव्हा अचूक प्रतिमा हवी, ही जाणीव जुनी आहे, आणि तिच्यात गोव्याचाही वाटा आहे. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगीर बादशहासाठी काही अपूर्व प्राणी-पक्षी नेले. त्यांत टर्की कोंबडा होता. जहांगीराने आपल्या आठवणींत त्याचे सविस्तर वर्णन केले आणि चित्रकारांना त्याची चित्रे काढण्याची आज्ञा दिली. पणजोबा बाबर यांनी प्राण्यांची वर्णने केली, पण चित्रे काढवून घेतली नाहीत, असेही त्याने नमूद केले. उस्ताद मन्सूरने काढलेला टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बाबराच्या त्याच आठवणींचा १५८९ मध्ये फारसी अनुवाद करणारा अब्दुर्रहीम खानखाना पुढे दख्खनचा सुभेदार म्हणून दीर्घकाळ बुऱ्हाणपुरात राहिला. मन्सूरच्या चित्राचे मोल त्याच्या सौंदर्याइतकेच त्याच्या प्रामाणिकपणात आहे. चारशे वर्षांनंतरही त्यातील पक्षी निःशंकपणे ओळखता येतो.

जिवंत की मृत, हे सांगावे

लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमतर्फे दरवर्षी वन्यजीव छायाचित्रणाची जगप्रसिद्ध स्पर्धा होते. २०१७ मध्ये तिच्या एका गटात ब्राझीलच्या मार्सिओ काब्राल यांचे छायाचित्र विजयी ठरले होते. रात्री चमकणाऱ्या वारुळाजवळ आलेला मुंगीखाऊ त्यात दिसत होता. एप्रिल २०१८ मध्ये ते अपात्र ठरवण्यात आले. तो प्राणी तेथील राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वाराजवळील अभ्यागत केंद्रातील पेंढा भरलेल्या मुंगीखाऊशी तंतोतंत जुळतो, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. छायाचित्रकाराने हा आरोप नाकारला, तरी पुरस्कार मात्र गेला.

संग्रहालयातील पक्षी टिपणे यात लाजण्यासारखे काही नाही. तो जिवंत असल्याचे भासवणे यात आहे. पार्श्वभूमी पुसून त्याजागी जंगल डकवले तर तसे स्पष्ट लिहावे. छायाचित्राखालच्या ओळीत पक्ष्याचे नाव, ‘संग्रहालयातील जतन केलेला नमुना’ हे शब्द, संग्रहालयाचे नाव, छायाचित्राची तारीख आणि फलकावर असल्यास नमुन्याचा क्रमांक, मूळ ठिकाण व वर्ष एवढे असावे. फाइलच्या मेटाडेटामध्येही हीच माहिती भरून ठेवावी, कारण जालावर फिरताना छायाचित्र आणि त्याखालची ओळ यांची ताटातूट होते.

मुंबईला जाणे लगेच शक्य नसेल तर घरच्या शोकेसपासून आरंभ करावा. काचेआड मातीचा किंवा लाकडाचा पोपट ठेवावा, खोलीत एकच दिवा लावावा आणि प्रतिबिंब टाळून त्याची सहा बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. मग संगणकावर रंग जुळवून, ते छायाचित्र आणि प्रत्यक्ष पोपट शेजारी ठेवून पाहावेत. दोन्ही सारखे दिसेपर्यंत हा सराव करावा.

वन पिंगळा आजही जगातील संकटग्रस्त पक्ष्यांत मोडतो. २०१८ मध्ये त्याचा दर्जा अतिसंकटग्रस्तवरून संकटग्रस्त असा सुधारला असला, तरी मध्य भारतातील सागवानी जंगलांच्या तुकड्यांवरच त्याचे भवितव्य अवलंबून आहे. उद्या आपल्यापैकी कोणी खकनारला गेले आणि दिवसाउजेडी फांदीवर बसलेले एखादे लहान घुबड त्याच्या कॅमेऱ्यात आले, तर त्याच्या डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत, हे त्या छायाचित्रावरूनच ठरेल. त्या क्षणी उपयोगी पडणारी शिस्त काचेआडच्या, न उडणाऱ्या पक्ष्यासमोर उभे राहूनच शिकता येते.